सव्वा महिन्याचा नेम

न्हाणीत पाटावर बसून मी पाय लांब सोडले होते, पायांवर शेट्यांच्या सारिकाची सव्वीस दिवसांची लेक पालथी घातली होती आणि तिच्या पाठीवर कोमट पाणी सोडत होते, तेवढ्यात ती शिंकली. एकदा नव्हे, लागोपाठ तीनदा. उताणी करून बघते तर नाकातून पाणी येत होतं.

“काय खाल्लंस गं?” दाराशी पंचा घेऊन उभ्या असलेल्या सारिकाला मी विचारलं.

“काय न्हाई ओ आक्का.”

“खरं सांग. आईच्या पोटात जातं तेच दुधात उतरतं. पोराला उगं सर्दी हुत न्हाई.”

सारिकानं स्वयंपाकघराकडं एकदा बघून घेतलं. पहिलटकरीण पोर, माहेरी बाळंतपणाला आलेली. बाजरीची भाकरी, आळीव आणि डिंकाचे लाडू खाऊन खाऊन तिच्या तोंडाची चव गेली होती. आवाज अगदी खाली आणून ती म्हणाली, “परवा आई बाजाराला गेलती तवा दहीभात खाल्ला. दोनच घास.”

“मग हे त्याचंच,” मी म्हणाले.

बाळंतिणीला सव्वा महिना दही, केळं, पेरू, थंड म्हणून काही चालत नाही, हे आमच्या तासगावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तिनं मला विश्वासानं सांगितलं होतं. पण माझ्या तोंडात तीळ कधी भिजला नाही. बाळ पुसून, गुंडाळून तिच्या हाती दिलं आणि चहा घेता घेता तिच्या आईला, इंदुमतीकाकूंना, सगळं सांगून मोकळी झाले. काकू लेकीला बोलायच्या ते बोलल्या. सारिका खाली मान घालून पोरीला पाजत राहिली.

ही चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मी गावात बाळं आणि बाळंतिणी न्हाऊ घालायची. तीस वर्षं तेच केलं. हल्ली कुणी विचारलं की काम का सोडलं, तर मी गुडघे पुढं करते.

तेव्हा मात्र माझा तोरा वेगळा होता. हौसाक्काचा हात लागला की काडीसारखं पोर महिन्यात बाळसं धरतं, असं लोक म्हणायचे आणि मी ते ऐकून घ्यायची. डॉक्टरणीच्या सुना माझ्या हाताखालून गेल्या होत्या. माझी पद्धत ठरलेली. आधी आईला चोळायचं, मग बाळाला. तेल, मग डाळीचं पीठ आणि साय, मग ऊनऊन पाणी. पुसून झालं की टाळू भरायची, कानात आणि नाकात तेलाचं बोट फिरवायचं आणि बाळाचं तोंड दोन्ही हातांत धरून नाकात हलकी फुंकर मारायची, म्हणजे नाक मोकळं होतं. शेवटी शेगडीवर ओवा, वावडिंग आणि लसणाची सालं टाकून धुरी. एवढं झालं की पोर जे झोपायचं ते तीन-तीन तास हलायचं नाही.

आणि एक नेम. घर एकदा हाती घेतलं की सव्वा महिना एक दिवस खाडा नाही. मध्ये खाडा पडला, दुसरीचा हात लागला, की बाळ रोडावतं असं माझ्या सासूनं मला सांगितलं होतं आणि मी ते देवाच्या शब्दासारखं धरलं होतं. माझ्या लेकीच्या हळदीच्या दिवशीसुद्धा मी पहाटे दोन घरची बाळं न्हाऊ घालून मग मांडवात गेले. हे मी न विचारता सगळ्यांना सांगायची.

सारिकाची पोर आठव्या महिन्यातच झालेली, दोन किलोला थोडी कमी. दवाखान्यातून आणली तेव्हा हातात धरायला काकूंना भीती वाटायची. त्यांनी मला बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, “आक्का, ही तुमच्या पदरात.” पोर नाजूक म्हणून बारसंही पुढं ढकललं होतं, सव्वा महिन्यानंतर करू म्हणाले. तोवर सगळे तिला चिमी म्हणायचे. पंधरा दिवसांत चिमीच्या मांडीला वळी पडली. मी ती वळी काकूंना बोटानं उचलून दाखवली आणि काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं.

मार्गशीर्षाचा गारठा होता. चिमी वीस दिवसांची असताना एकदा काकूंनी मला विचारलंही होतं, “आक्का, आवाज बसलाय तुमचा. सर्दी झालीय काय?”

“न्हाई ओ, काल मिरच्या कांडल्या,” मी म्हणाले आणि चिमीला पायांवर घेतलं.

तर पोर शिंकली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिला खोकला लागला. काकूंच्या मुलानं मेडिकलमधून खोकल्याचं औषध आणलं, तरी मी ते देऊ दिलं नाही. एवढ्याशा जिवाला कसलं औषध, म्हणाले, आणि ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून छाती शेकली. धुरी जरा जास्तच दिली. चिमी धुरात ठसकत होती, तेव्हा मी म्हणाले, कफ सुटायला लागलाय. मला तसंच वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी गेले तर सारिका बाजेवर बसून रडत होती. रात्रभर पोर नीट प्यायली नाही, म्हणाली. चार घोट घेते, सोडते, दम खाते, पुन्हा तोंड लावते, पुन्हा सोडते. काल संध्याकाळपासून लंगोट एकदाच ओला झाला होता.

मी चिमीला पायांवर घेतलं आणि अंगावरचं काढलं. पाणी घालायला तांब्या उचलला तो तसाच खाली ठेवला.

शेकड्यांनी पोरं मी उघडी बघितली आहेत. पोर श्वास घेतं तेव्हा पोट कसं हलतं, छाती कशी हलते, हे मला डोळे मिटून सांगता आलं असतं. चिमीचं पोट उडत होतं. दर श्वासाला बरगड्यांच्या खाली खळगा पडत होता आणि गळ्याच्या खालची कातडी आत ओढली जात होती. नाकपुड्या फुलत होत्या. मी कान लावला तर आत बारीक शिट्टीसारखं वाजत होतं. आणि श्वास इतके भरभर, की मोजायला जावं तर आकडा तोंडात यायच्या आत पुढचा श्वास येत होता.

काकूंनी शेगडी पेटवली होती. त्यांनी धुरीची परात आत सरकवली आणि म्हणाल्या, आज जरा जास्त वेळ धरू, उतरेल. त्या दिवशी गुरुवार, घरात महालक्ष्मीचा घट मांडलेला, संध्याकाळी सवाष्णी यायच्या होत्या. उद्या बघू, असं त्यांच्या तोंडून निघालं.

“उद्या न्हाई,” मी म्हणाले. “आत्ता. धुरी उचला तिकडं. हिला श्वास पुरंना. जीप बोलवा, मिरजेला न्यायची.”

“आंघोळ तरी घाला, आक्का.”

“आंघोळ राहू दे.”

तीस वर्षांत पहिल्यांदा मी पोराला कोरडं ठेवून न्हाणीतून उठले.

मिरजेच्या लहान मुलांच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा चिमीचे ओठ निळसर दिसत होते. पाटणकर म्हणून डॉक्टरबाई होत्या, पन्नाशीच्या, आवाज अगदी हळू. त्यांनी पोरीला बघितलं मात्र आणि दोन नर्सा धावल्या. बोटाला लाल दिव्याचा चिमटा लावला, नाकाशी ऑक्सिजनची नळी, मग दुसऱ्या बारीक नळीनं नाकातला चिकट शेंबूड ओढून काढला. एवढ्याशा नाकातून एवढा निघेल असं मला वाटलं नव्हतं. तोंडानं दूध बंद केलं. सारिकानं दूध वाटीत काढून द्यायचं आणि ते नळीनं पोटात सोडायचं, असं ठरलं.

मग डॉक्टरबाईंनी आम्हाला बाहेर घेऊन समजावलं. काकू होत्या, सारिका होती, जावई विट्याहून नुकतेच पोचले होते, आणि मी. बाई म्हणाल्या, याला ब्राँकिओलायटिस म्हणतात. छातीतल्या सगळ्यात बारीक नळ्या सुजतात आणि त्यांत चिकटा भरतो, मग हवा आत जाते ती बाहेर येत नाही. बहुतेक आरएसव्ही नावाचा विषाणू असावा, थंडीत त्याची साथच असते. वर्ष-दोन वर्षांची पोरं आठवड्यात बरी होतात. पण ही महिन्याची पण नाही आणि आठव्या महिन्यातली, म्हणून काळजी. त्या विषाणूला मारणारं औषध आमच्याकडं नाही, म्हणाल्या. ऑक्सिजन द्यायचा, नाक मोकळं ठेवायचं, पोटात दूध-पाणी जाऊ द्यायचं, आणि तिचं शरीर लढून बाहेर येईपर्यंत तिला धरून ठेवायचं.

“धूर वगैरे दिला होता का?”

काकूंनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. पुन्हा कधी देऊ नका, एवढंच बाई म्हणाल्या, रागावल्या नाहीत.

मग त्यांनी विचारलं, दवाखान्यात आणायचं कुणी ठरवलं. काकू म्हणाल्या, “ह्यांनी. ह्या आमच्या हौसाक्का. आमी तर उद्या आणणार हुतो.”

बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “आजी, तुम्ही बरोबर ओळखलंत. बरगड्यांखाली खळगा पडतो ते पुष्कळ शिकलेल्या लोकांनाही दिसत नाही. उद्यापर्यंत थांबला असता तर हिला आणण्यात अर्थ उरला नसता.”

जावयांनी सगळ्यांसमोर मला हात जोडले. त्या क्षणी मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, पोर आत नळ्यांत पडली होती आणि मला बरं वाटलं.

“आता एक आठवून सांगा,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “गेल्या आठ दिवसांत घरात कुणाला सर्दी-खोकला होता का? मोठ्या माणसाला साधं पडसं वाटतं, अंगावर काढतात. पण तेच शिंकेतून, हातांतून, तोंडाजवळ तोंड नेलं की बाळाला जातं. बाळाला हाताळणाऱ्या कुणालाही?”

काकू म्हणाल्या, कुणालाच नाही. मुलगा ठणठणीत, त्या ठणठणीत, पाहुणे तर कुणाला बाळाच्या खोलीत सोडलेच नव्हते. सारिका म्हणाली, मला पण नव्हती. बाईंची नजर फिरत फिरत माझ्यावर आली.

मी मिरच्या कांडल्याच नव्हत्या. माझी नात अंगणवाडीतून नाक गळत घरी आली होती, तिचं पडसं मला लागलं होतं. चार दिवस नाक गळत होतं, अंगात कसकस होती. काकूंना तसं सांगितलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, चार दिवस येऊ नका, आणि माझा नेम मोडला असता. म्हणून मिरच्या. आणि त्या चारही दिवशी आंघोळ झाल्यावर मी चिमीचं तोंड दोन्ही हातांत धरून तिच्या नाकात फुंकर मारली होती.

हे सगळं बाई माझ्याकडं बघत होत्या तेवढ्या वेळात माझ्या ध्यानात आलं. तोंड उघडायचं होतं. खांद्यावर तो हात अजून होता. जावयांनी जोडलेले हात नुकते खाली आले होते.

“न्हाई,” मी म्हणाले.

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि त्या आत गेल्या.

त्या संध्याकाळी सारिकाची सासू आली. बाई वाईट नव्हती. नातीसाठी जीव तुटत होता तिचा. पण माणसाला कारण लागतं. कुणालाच सर्दी नव्हती तर मग ही आली कुठनं, असं तिनं तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा दोन दिवस न झोपलेल्या काकूंच्या तोंडून निघून गेलं की हिनं दही खाल्लं होतं. सासू काही ओरडली नाही. तिनं सुनेकडं बघितलं आणि पदर डोळ्यांना लावून कोपऱ्यातल्या बाकावर जाऊन बसली. सारिकाच्या मांडीवर वाटी होती, ती दूध काढत होती, तिचा हात थांबला. मी दोन पावलांवर उभी होते. खाई त्याला खवखवे म्हणतात. मला नुसतं खवखवलं नाही, आतून जळालं. पोर बरी झाली की सांगू, असं मी स्वतःला समजावलं. पोर बरी झाली की कोण कुणाला विचारतंय, असंही मनात आलं.

दोन दिवस मी घरी होते. देवापुढं बसले, उपास केला, नवस बोलले. दुसरी दोन घरं हातात होती, तिथं गेले नाही. ताप आहे म्हणून निरोप धाडला. नेम मोडला आणि मला त्याचं काहीही वाटलं नाही.

रविवारी सकाळी काकूंचा डबा घेऊन मिरजेला गेले. चिमी मशीनवर होती. काचेतून बघायला मिळालं. मी वाढवलेली मांडीवरची वळी गेली होती, कातडी सैल झाली होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, तिचा श्वास मध्येच थांबतो. एवढी लहान बाळं दमली की श्वास घ्यायचंच सोडून देतात, म्हणून मशीन. अजून आशा सोडलेली नाही. सारिकानं वाटीतलं दूध नर्सच्या हातात दिलं. नर्स ते घेऊन आत गेली आणि थोड्या वेळानं वाटी तशीच भरलेली घेऊन परत आली. तिनं ती खाली कुठं ठेवावी हे तिला कळेना. तिच्या मागोमाग डॉक्टरबाई बाहेर आल्या.

चिमी एकतीस दिवसांची होऊन गेली. बारसं झालं नव्हतं, म्हणून दवाखान्याच्या कागदावर ‘सारिका यांचे बाळ’ असंच लिहिलं होतं. जावयांनी तिला दुपट्यात घेतलं आणि विट्याला घेऊन गेले. सासू जाताना सारिकाला काही बोलली नाही, तिच्या डोक्यावरून हातही फिरवला नाही. काही दिवस माहेरीच राहू दे, एवढं काकूंना म्हणाली.

तिसऱ्या दिवशी काकूंचं बोलावणं आलं. सारिकाचे स्तन दुधानं दगडासारखे झाले होते, ताप भरला होता, हात लावू देत नव्हती. असं झालं की आमच्याकडं न्हाऊ घालणाऱ्या बाईलाच बोलावतात. थोडं दूध पिळून काढायचं, मग फडकं बांधायचं, म्हणजे हळूहळू आटतं. माझ्याशिवाय कोण करणार होतं ते.

न्हाणीत दोघीच होतो. मी तिच्या मागं पाटावर बसले. तिनं साडी खाली घेतली. दूध आपसूक गळत होतं, पोटावरून ओघळत होतं, आणि ती ते पुसतही नव्हती.

“आक्का,” ती म्हणाली, “दोनच घास खाल्ले हुते ओ मी.”

हातातलं फडकं मी खाली ठेवलं. मग मी बोलायला लागले. मिरच्यांचं सांगितलं, नातीचं सांगितलं, फुंकरीचं सांगितलं, डॉक्टरबाई काय म्हणाल्या ते पुन्हा शब्दाला शब्द सांगितलं. “दह्यानं काय झालं न्हाई पोरी. दह्यानं काय हुत न्हाई. माझ्या तोंडातनं गेलं तिच्या नाकात. मी सांगितलं न्हाई, दोनदा सांगितलं न्हाई, तुझ्या आईला न्हाई आनि बाईंना न्हाई. तुझं पोर माझ्यामुळं गेलं.” मी हे रडत म्हणाले असेन, मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की बोलून झाल्यावर ती मला मारील अशी मला आशा वाटत होती.

काकू दाराशी येऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या आत आल्या, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, “कशाला ओ आक्का स्वतःला लावून घेता. तुमच्या हातानं गावातली निम्मी पोरं वाढली. तुमी नसता तर आमी दवाखान्यात तरी नेलं असतं काय?”

“काकू, खरं सांगतेय मी.”

“असू दे, असू दे,” त्या म्हणाल्या आणि डोळे पुसत बाहेर गेल्या.

मी सारिकाच्या खांद्याला धरून तिला माझ्याकडं वळवलं. म्हटलं, ही तरी मानेल. हिनं मानलं तरी पुरे, बाकी सगळं गाव खड्ड्यात गेलं तरी चालेल. तिनं माझ्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत राग शोधत होते मी. राग नव्हता.

“आक्का, माझं ओझं उचलायला तुमी एवढं बोललात,” ती म्हणाली. “पण हे खरं असतं तर डॉक्टरबाईंनी विचारलं तवाच तुमी सांगितलं असतं की. पोर आत तडफडत हुती. तुमी गप बसणाऱ्या न्हाई.”

आणि तशीच ओल्या अंगानं ती खाली वाकली आणि माझ्या पाया पडली.

मी तिला उठवलं, पाठमोरी केली आणि फडक्याची गाठ मारली.